लाडकीच्या चिकूवरचा सुळका

बाई, तुमच्या बेसण्याला, म्हणजे दुखवट्याच्या बैठकीला, मी हिरवी साडी नेसून आले. पांढरी माझ्याकडं नाही. आमच्या परभणीकडं मयताला जाताना कुणी रंग बघत नाही, अंगावर असेल त्यावर माणूस धावत सुटतो. बोर्डीला तुमच्या ओसरीवर पाय ठेवला तर घरभर नुसतं पांढरं. निघताना एकदा मनात आलं होतं की पांढरं म्हणून आपल्याकडं एकच वस्तू आहे, लॅबचा अ‍ॅप्रन, तोच वर चढवावा. चढवला, आरशात बघितलं आणि काढून ठेवला. दुखवट्याला निघालेली बाई दिसतच नव्हते, इंजेक्शन द्यायला निघालेली नर्स दिसत होते. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

दारात तुमच्या भाचीनं विचारलं, "तुम्ही कोण?"

मी म्हणाले, "लॅबमध्ये भांडी धुते."

तोंडातून निघून गेलं. तुमच्या कानावर पडलं असतं तर तुम्ही मला तिथंच, सगळ्या पांढऱ्या माणसांसमोर थांबवलं असतं. "मंदा, परत सांग. नीट सांग." पण तुम्ही फोटोत होतात आणि फोटोला हार होता. मग मी आत सतरंजीवर बसले नाही, स्वयंपाकघराकडंही गेले नाही. ओसरीच्या पायरीवर चपलांच्या शेजारी बसले. तिथून सगळं ऐकू येत होतं.

रमणभाई बोलायला उभे राहिले. बागायतदारांच्या संघाचे अध्यक्ष, तेच बोलणार. म्हणाले, "हंसाबेननी एवढी वर्षं आपली फळं तपासली. बेनचा रिपोर्ट एकदासुद्धा चुकला नाही. आख्ख्या तालुक्यात असं दुसऱ्या कुणाबद्दल बोलता येईल का?"

सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलली.

ती मान हलली तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. एक रिपोर्ट चुकला होता. तो तुम्हाला ठाऊक होता आणि मला ठाऊक होता. आणि तलासरीच्या पाड्यावरच्या लाडकीला तर पहिल्याच दिवशी ठाऊक होता, पण तिचं ऐकलं कुणी? आता तुम्ही नाही. मी मान हलवून बसले म्हणजे ती एकटीच राहिली.

जाताना रमणभाईंनी मला पायरीवर गाठलं. "मंदाबेन, संघाचा अंक काढतोय बेनच्या नावाने. तू सगळ्यात जवळ होतीस. दोन पानं लिही. चांगलं चांगलं लिही."

म्हणून लिहायला बसले, बाई. चांगलं आधी लिहिते. तेही खरंच आहे.

२०१४ साली मालकांना डहाणूच्या फुग्याच्या कारखान्यात काम लागलं, म्हणून आम्ही मसोलीत खोली घेतली. मला इथलं काहीच कळत नव्हतं. बाजारात अर्धी गुजराती, अर्धी मराठी, भाजीवाली एक बोलणार, मी दुसरंच समजणार. सातवीत शाळा सुटलेली, हातात काही कला नाही. तुम्ही मुंबईच्या मोठ्या संस्थेतून निवृत्त होऊन आलेल्या. संघाच्या जुन्या चिकूच्या गोदामात दोन खोल्या करून लॅब मांडलेली, आणि तुम्हाला काचेची भांडी धुवायला बाई हवी होती. सगळे तुम्हाला बेन म्हणायचे. मी एकटीच बाई म्हणायचे, कारण आमच्याकडं शिकवणारीला बाईच म्हणतात. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "मी काय शिकवलं तुला अजून? बाई कसली?" पण पुढं तुम्ही शिकवायलाच लागलात, मग नाव बसून गेलं.

पहिला धडा भांड्यांचाच. "काल ह्या बाटलीत काय होतं ते आज बाटलीला आठवता कामा नये," म्हणालात. मी दिवसभर घासत राहायचे. घरी मालक म्हणायचे, तिथं काचेला इतकी घासतेस, घरचा तवा तेवढा काळाच.

मग रुपं, म्हणजे चांदीचं पाणी, करायला शिकवलंत. चांदीच्या क्षाराचं पाणी उकळायचं, त्यात लिंबाच्या क्षाराचे थेंब सोडायचे, आणि बघत राहायचं. आधी पिवळट, मग हिरवट राखाडी, गढूळ. त्यात चांदीचे इतके बारीक कण, की डोळ्याला फक्त गढूळपणा दिसतो. त्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या भिजवून वाळवायच्या. चिकूच्या सालीवर स्पिरिटचा थेंब टाकायचा, पट्टी दाबायची, वाळली की यंत्राखाली धरायची. शिलाई मशीनच्या पेटीएवढं ते यंत्र. आतून लेझरचा ठिपका पडतो आणि कॉम्प्युटरवर एक रेघ चालू लागते. रेघेवर सुळके उभे राहतात. कुठला सुळका कुठं आणि केवढा, त्यावरून सालीवर काय आहे ते ओळखायचं.

मी विचारलं होतं, "चांदी कशाला पाहिजे? नुसत्या सालीवर लेझर मारला तर?"

तुम्ही मला अंगणातल्या विहिरीवर नेलंत. आधी तिथंच उभं राहून माझं नाव हळू घेतलंत. मग विहिरीत वाकून तेवढंच हळू घेतलंत. विहीर घुमली. "रेणू एकटा असला की कुजबुजतो. चांदीच्या दोन कणांच्या फटीत सापडला की त्याचंच बोलणं असं घुमतं." शेजारचा माळी बघत राहिला, बेनना काय झालं म्हणून.

मला ते इतकं आवडलं की मी दुसऱ्या दिवशी शहाणपणा केला. एका शेतकऱ्याला म्हणाले, तुमचा सुळका उंच आहे म्हणजे औषध जास्त आहे. तुम्ही आत बोलावून रागावलात. उंची म्हणजे माप नाही. त्याला फट मोठी मिळाली की छोटी, किती कण जवळ आले, यावर आवाज ठरतो. तोच रेणू चांदीवर उभा राहिला तर एक सुळका वाढतो, आडवा पडला तर तो बसतो आणि दुसराच डोकं काढतो. पुस्तकातलं चित्र तो एकटा असतानाचं असतं. चांदीवरचं चित्र चांदीच्या संगतीतलं असतं. "म्हणून घाई करायची नाही. आधी विचारायचं, हे रेणूचं आहे, का चांदीचं, का आपण जाळलं त्याचं."

जाळण्याचं तर मी पुष्कळदा केलं. लेझर जास्त वेळ ठेवला की पट्टी करपते आणि रेघेवर दोन जाडजूड डोंगर येतात. काहीही जाळा, तेच दोन डोंगर. ते आले की तुम्ही लांबूनच ओरडायच्या, "मंदा, भाकर करपली!"

माझ्यासारखीला कुणी एवढं बसून सांगितलं नव्हतं, बाई. शाळेत सांगायला बसणारे होते तेव्हा मी बसले नाही, म्हणजे मला बसू दिलं नाही. मालकांसमोर मी ती रेघ हवेत काढून दाखवायचे आणि ते म्हणायचे, तुझं डोकं फिरलंय. फिरलंच होतं. मला त्या यंत्राचा गर्व झाला होता. पुढं जे झालं त्यात हा गर्वही होता, म्हणून सांगते.

तो दिवस तुम्हाला सांगायची गरज नाही. पण अंक वाचणाऱ्यांना सांगायला हवा, त्यातले पुष्कळ जण तिथंच, संघ फळं जमा करतो त्या शेडमध्ये, उभे होते.

संघाची फळं मुंबईच्या दुकानांना जायची, बिनऔषधाची म्हणून. लाडकी तलासरीकडच्या पाड्यावरची. दारात चिकूची थोडी झाडं, नवरा बोटीवर. तिची फळं लहान पण गोड, तुम्हीच तिला संघात आणली होती. त्या दिवशी तिच्या पाटीतल्या फळावर पट्टी दाबली आणि रेघेवर सुळका उभा राहिला. तुम्ही दुसरं फळ घेतलंत, तिसरं घेतलंत. प्रत्येकावर तो होताच. बुरशीवर मारतात त्या औषधाचा सुळका, गंधकाच्या जातीचा, मलासुद्धा लांबून ओळखता यायचा. कोरी पट्टी आपण आधी तपासली होती, ती स्वच्छ होती. सिलिकॉनच्या तुकड्यावर यंत्र सकाळीच जुळवलं होतं. आपल्याकडून काही राहिलं नव्हतं.

मोठ्या सुळक्याच्या बाजूला बारके उंचवटे होते. तुमचं बोट पडद्यावर तिथं जरा थांबलं होतं. बाहेर रमणभाईंचा टेम्पो हॉर्न मारत होता. बोट पुढं सरकलं.

शेडमध्ये येऊन तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, "लाडकी, तुझ्या फळावर औषध आहे."

ती म्हणाली, "नाय बेन. मी झाडाला काय पण मारला नाय."

"घरात कसलं औषध आहे का? पावडर, फवारणी, काहीतरी?"

"काय नाय."

मागून कुणीतरी बोललं, "हिने दवा मारला नाय, दवा स्वतःच झाडावर चढला." लोक हसले. लाडकी माझ्याकडं बघायला लागली. तिथं साध्या साडीतली मीच होते, म्हणून बघितलं असेल. मी तिला म्हणाले, "वहिनी, मशीन खोटं बोलत नाही."

तुम्ही माझ्याकडं चटकन बघितलंत. त्या पाड्यावरनं फळ घेणं रमणभाईंनी त्याच दिवशी बंद केलं. लाडकीचं एकटीचं नाही, आख्ख्या पाड्याचं. तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि सगळ्यांच्या मधून चालत गेली. पुढं ती हायवेला बसून चिकू विकते असं कुणीतरी सांगितलं. आपण ऐकलं आणि कामाला लागलो.

वर्ष उलटून गेलं होतं. तुम्ही नव्या पोरींना पट्टी शिकवणार होता, म्हणून मला म्हणालात, घराजवळचं एखादं फळ घेऊन ये, ज्यावर काहीच नाही असं. आमच्या मसोलीच्या खोलीमागं एक चिकूचं झाड आहे, त्याला कुणी पाणीसुद्धा घालत नाही. मी चिकू काढले, पदरानं पुसले आणि आणले. पोरी बसल्या. मी पट्टी लावली. सुळका उभा राहिला, तोच.

पोरींना वाटलं असंच असतं. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पोरींना चहा प्यायला पाठवलंत. मग माझा हात ओढून घेतलात, पंजावर स्पिरिटचा थेंब टाकलात, आणि चिकूला दाबतात तशी पट्टी माझ्या हाताला दाबलीत.

माझ्या हातावर तो सुळका होता.

"सकाळपासून काय काय केलंस?" तुम्ही विचारलंत.

मी सांगत गेले. पाणी भरलं, भाकरी केल्या, डबा भरला. "आणि?" आणि काही नाही. "मंदा, आणि?" मग आठवलं. फुगे निवडले. मालक कारखान्यातून पोतं आणतात, ते निवडायचे, ओढून बघायचे, फाटके बाजूला काढायचे, बाकीचे पुड्यांत भरायचे. डहाणूपासून तलासरीच्या पाड्यांपर्यंत निम्म्या घरांत बायका हे करतात, स्वयंपाक होता होता, टीव्ही बघता बघता. त्याला कुणी काम म्हणत नाही. काम काय करतेस विचारलं तर फुगे कुणी सांगत नाही. औषध आहे का विचारलं तर फुग्याचं नाव कुणाच्या डोक्यात कसं येईल? माझ्या पिशवीच्या तळाशी एक लाल फुगा चिकटून राहिला होता. तुम्ही तो काढून पट्टीला लावलात.

सुळका आला. आणि बाजूला तेच बारके उंचवटे.

तुम्ही लाडकीची जुनी रेघ उघडलीत आणि दोन्ही एकाखाली एक लावल्यात. उंचवट्याखाली उंचवटा बसला. मग तुम्ही बाटलीतलं ते बुरशीचं औषध नुसतं लावून बघितलंत. मोठा सुळका आला, बारके आले नाहीत.

तेव्हा तुम्ही मला समजावलंत, पण माझ्याकडं न बघता. रबर पक्कं व्हावं म्हणून त्यात एक पावडर घालतात. ती त्या औषधाच्याच कुळातली. दोघं चांदीवर आले की चांदी त्यांचं गंधक पकडते, बाकीचं तोडून टाकते, आणि उरतो तो तुकडा दोघांचा एकच. म्हणून मोठा सुळका बघून कोण आलंय ते सांगता येत नाही. बारके उंचवटे रबरातल्या दुसऱ्या मसाल्याचे, ते औषधात नसतात. सांगणारे तेच होते.

शेवटी म्हणालात, "रबरात हेच घालतात, हे मला पाठ होतं गं. चाळीस वर्षं पाठ होतं. डहाणूत जन्मले, फुग्याच्या कारखान्यासमोरून रोज गाडी जाते माझी. पण पट्टी बघताना मला डहाणू आठवलं नाही."

आणि मग, "म्हणजे लाडकी खरं बोलत होती."

माझ्या डोक्यात माझंच वाक्य वाजत होतं. मी ते तुम्हाला बोलून दाखवलं, "बाई, मी तिला म्हणाले होते, मशीन खोटं बोलत नाही." तुम्ही म्हणालात, "मशीन बोललंच नाही, मंदा. बोलले मी." एवढ्यावर माझं ओझं उचलून तुमच्या डोक्यावर घेतलंत. मला बरं वाटलं. आता ते बरं वाटल्याचीही लाज वाटते.

त्या दिवसापासून आपण तलासरीला जाणार होतो.

आपलं भांडण इथं सुरू झालं, आणि ते संपलं नाही. मी म्हणत होते, रमणभाईंना हळूच सांगू, ते तिची फळं परत सुरू करतील, विषय मिटेल. लोकांसमोर सांगितलं तर पट्टीवरचा भरवसा जाईल, लॅब बंद पडेल. मला माझ्या कामाची काळजी होती, ते मी बोलले नाही. तुम्हाला कळलंच असेल. तुम्ही म्हणत होता, "मी सगळ्यांसमोर बोलले होते. कोपऱ्यात नेऊन परत घेता येणार नाही. तिच्या पाड्यावर जाऊन सांगणार, मग शेडमध्ये सांगणार."

"लोक म्हणतील बेनला वाचता येत नाही."

"तेव्हा आलं नव्हतंच की."

पण आपण गेलो नाही. आधी गाडी गॅरेजला होती. मग तलासरीकडं धक्के सुरू झाले, जमीन हलायची, लोक घराबाहेर ताडपत्रीखाली झोपायला लागले. इथंसुद्धा एकदा रॅकवरच्या बाटल्या किणकिणल्या आणि मला यंत्र पुन्हा जुळवावं लागलं. तुम्ही म्हणालात, "अशात त्यांना चिकूचं काय सांगायचं?" ते बरोबरच होतं. धक्के कमी झाल्यावर मात्र तुम्ही म्हणालात, आणखी एकदा तपासू. तपासलं. मग म्हणालात, रविवारी. रविवारी तुम्ही सकाळी तयार होऊन बसलात, साडी नेसून, गाडीची किल्ली हातात, आणि दुपारपर्यंत तशाच बसून राहिलात. मी विचारलं नाही. तुमच्या हातात किल्ली होती आणि तुमचं तोंड एखाद्या शाळेच्या पोरीसारखं झालं होतं, गृहपाठ केला नाही तशी. इतक्या शिकलेल्या बाईला माझ्यासारखीच भीती वाटू शकते, हे मी पहिल्यांदा बघितलं. आणि तुमची कीव यायच्या ऐवजी मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही टाळत होतात आणि तुमच्या आड मी लपले होते.

मग छातीत दुखलं म्हणून तुम्हाला वापीला नेलं. मी फोन केला तेव्हा तुम्ही धापा टाकत म्हणालात, "आले की जाऊ." मी म्हणाले, "हो बाई, आधी बऱ्या व्हा." एवढंच. मी एकटी जाऊन येते, असं म्हणायला पाहिजे होतं. तुम्ही बेडवर असताना मी जाऊन आले असते तर तुम्हाला ते ऐकू तरी गेलं असतं.

बेसण्यानंतर मी रमणभाईंकडं गेले. त्यांच्या वाडीत फळं धुणं चालू होतं. सगळं सांगितलं, बारक्या उंचवट्यांसकट. ते पाईप हातात धरून ऐकत राहिले, पाणी त्यांच्या पायावर पडत होतं.

म्हणाले, "आता कशाला उकरतेस? बेन गेल्या. लोक काय बोलतील त्यांना?"

"बेननाच हे सगळ्यांना सांगायचं होतं."

"त्यांनी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. तू सांगणार? सातवी पास?"

"सातवीत सुटले, भाई. पास नाही."

ते हसले, मग त्यांचे डोळे भरून आले. पाईप खाली ठेवला. "पहिलं तिच्याकडं जा, फळ परत घेतो म्हणून सांग," म्हणाले. "मग अंकात लिही. तिला अंकातून कळायला नको. आणि फळ बंद मी केलं होतं, तेपण लिही." म्हणून तेही लिहिलं, रमणभाई.

काल गेले. तलासरीच्या एसटीतून उतरले आणि पुढं पाड्यापर्यंत चालत. पिशवीत पट्ट्या होत्या, दोन्ही रेघांचा कागद होता, फुगा होता. रस्ताभर वाक्यं जुळवत होते, सगळी तुमच्या आवाजात येत होती. लाडकी अंगणात बसली होती. समोर सुपात फुगे. मला लगेच ओळखलं.

"मशीनवाली," म्हणाली.

मी सांगायला सुरुवात केली. तिनं हात वर करून थांबवलं. "थांब. तेव्हा सगल्यांच्या समोर बोलली व्हती." आणि हाका मारून शेजारपाजार गोळा केला. बायका आल्या, म्हातारे आले, काही जणी फुगे निवडता निवडताच आल्या. कुणी खाट टाकली नाही. मी उभीच राहिले.

मला नीट सांगता आलं नाही, बाई. विहिरीचं सांगितलं, चांदी गंधक पकडते ते सांगितलं. कागद दाखवला तर उलटा धरला होता. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजे फुग्याचा भूत चिकूवर बसला, आन तुमी त्याला दव्याचा भूत समजला?"

"हो बाबा. तसंच."

"आन भगत तुमीच!" सगळे हसले. मीही हसले असते, पण लाडकी हसत नव्हती.

मग मी जुळवलेलं सगळं सोडून दिलं आणि म्हणाले, "लाडकीच्या चिकूवर औषध नव्हतं. तिनं फवारलं नव्हतं. चूक लॅबची होती. हंसाबेननी वाचली ती चुकीची वाचली, आणि मी तिला खोटी पाडली. बेन स्वतः येणार होत्या. त्या वारल्या."

लाडकीनं विचारलं, "बेनला कवा कललं?"

मी खरं सांगितलं. धक्क्यांच्या आधी, म्हणाले.

"मंग आली का नाय?"

"लाज वाटत होती त्यांना."

"आन तुला?"

"मलापण."

तिनं सुपातला एक फुगा उचलला, ओढून बघितला, परत टाकला. "कललं तेव्हा बेन काय बोलली?"

"म्हणजे लाडकी खरं बोलत होती, असं बोलल्या."

"तिकडं बोलली," लाडकी म्हणाली. "मना ऐकू आला नाय."

रमणभाई फळ परत घेणार, हे सांगितलं. बघू, म्हणाली. हो म्हणाली नाही. अंक वाचणाऱ्यांना म्हणून सांगते, तिनं माफ केलं असं समजू नका, मी तसं लिहिणार नाही.

लोक पांगले. मी निघाले तर म्हणाली, "थांब, चिकू ने." मी नको म्हणाले. ती ऐकायला तयार नव्हती. घरामागं गेली, बादली आणि साबण घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि हात धुवायला लागली. बोटं, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं. पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. मी म्हणत होते, वहिनी असू दे, वहिनी कशाला. ती वर बघतही नव्हती. मग तसेच ओले हात पुढं धरून झाडाकडं गेली, कशाला न शिवता, आणि फांदीवरून फळं काढून माझ्या पिशवीत टाकली.

म्हणाली, "आता दाब पट्टी."

मी दाबली नाही, बाई. तुम्ही असतात तर दाबली असतीत का, ते मला सांगता येत नाही. पिशवी घेऊन एसटीत बसले आणि तलासरी मागं पडेपर्यंत मान वर केली नाही.